कबरस्तानाचे गेट आणि एक्केचाळीस पाकिटे

अल खर्ज,
शुक्रवार, १ मार्च २०२४

चि. शबनमला हारूनमामूचा सलाम आणि दुआ.

इथल्या डेअरीत आणि गावी या दोन हातांनी जे केले ते लिहितो, सावकाश वाच. वासरांच्या दुधाच्या बाटल्या धुण्याचे बारा तोट्यांचे यंत्र, एक. गोठ्यातल्या पंख्यांखाली पाण्याचे तुषार सोडणाऱ्या पाइपांचे स्टँड, दोनशे अठरा. लंगड्या गाईला खूर कापताना उभे धरायचा पिंजरा, तीन. (पहिला वाकडा झाला, तो मी मोडला. तो धरून लोक चार म्हणतात, मी तीनच म्हणतो.) कँपच्या मशिदीत वजूसाठी नळ आणि बैठका, चौदा. वर्कशॉपचे छत, ज्याला सत्तावीस उन्हाळ्यांत एक ठिपका गंज नाही. वेसवटला तुझ्या आईच्या घराच्या खिडक्यांना जाळ्या, नऊ. आणि तू दहावीला असताना तुझे पुस्तकांचे लोखंडी कपाट, ज्याचा खालचा खण घट्ट बसतो. ती चूक माझी नाही, तू त्यावर उभी राहायचीस.

आता तुझे निवडणुकीचे पत्रक. फोटो मोठा करून पाहिला. त्यात लिहिले आहेस की वडिलांच्या मागे तुला 'सौदीतल्या इंजिनिअर मामाने' वाढवले. वाढवले हे खरे. इंजिनिअर हे खोटे. मी आठवी पास. इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझा हुद्दा आजही 'वेल्डर' आहे, आणि सगळा वर्कशॉप मी चालवतो हे मालक कफीलसकट सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशा वाचायला मी एका फिलिपिनो माणसाच्या मागे बसून शिकलो, तो जेवायला गेला की त्याचे कागद पाहून. मला ज्याने शिकवले नाही त्याची पदवी मी का लावू? दुसऱ्या छपाईत दुरुस्त कर.

बाकी पत्रक चांगले आहे. फक्त निवडणूक नक्की कसली, किती मते लागतात, समोर कोण आहे, हे काहीच कळत नाही. सविस्तर लिही. मी हाताने लिहून फोटो पाठवतो तसे तू टाइप केलेस तरी चालेल, पण व्हॉइस नोट पाठवू नकोस. मशिनच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

तुझा मामू,
हारून सोलकर

◆

ब्रॅकस्टन,
शनिवार, ९ मार्च

मामू, सलाम.

इंजिनिअर काढून टाकलं. तुमचा जावई मुझम्मिल म्हणाला, "मामूंनी पत्रकाला सुद्धा पाना लावला!"

ऐका. ही इथल्या, इंग्लंडातल्या आमच्या गावाच्या कौन्सिलची निवडणूक. आपल्याकडे नगरपालिका तशी. कचरा, बागा, बांधकामाच्या परवानग्या, असली कामं. आमच्या वॉर्डात एकच जागा आहे. मिस्टर डेंटन सोळा वर्षं तिथं बसलेत. साधारण बाराशे-तेराशे लोक मत देतात, त्यातली सहाशे मिळाली की झालं. मतदान २ मेला.

मी का उभी राहिले? तुम्हाला माहीत आहे, मी बाजारातल्या फार्मसीत काउंटरवर असते. बाजारातली सार्वजनिक शौचालयं तीन वर्षं बंद आहेत. डेंटनसाहेब म्हणतात पैसा नाही. मंगळवारच्या बाजाराला म्हाताऱ्या बायका येतात आणि माझ्या कानाशी येऊन विचारतात, "बाळ, आत जाऊ का जरा?" गोऱ्या, आपल्या, सगळ्या. काही जणी तर आता बाजारालाच येत नाहीत. तीन अर्ज केले. मग शालनताई, आमच्या इथं हॉस्पिटलात नर्स आहेत, सोलापूरच्या, त्या म्हणाल्या, "अर्ज कसले करतेस, उभी राहा. मी येते दारोदार तुझ्याबरोबर."

अडचण घरचीच आहे. कोकणातली सत्तर घरं या वॉर्डात आहेत आणि ती रफीकभाईंच्या शब्दावर मत देतात. रफीकभाई म्हणजे आपल्या वेसवटची जमात चालवणाऱ्या हाशिरभाईंचे धाकटे भाऊ, इथल्या जमातीचे सदर, अध्यक्षच. त्यांचं मत वर्षानुवर्षं डेंटनना. मी भेटायला गेले तर चार माणसांत म्हणाले, "बघा, आपल्या सोलकरांच्या भाचीला संडासासाठी इलेक्शन लढवायचंय!"

मी म्हटलं, "हो रफीकभाई. तुमच्या अम्मी दर मंगळवारी फार्मसीत त्यासाठीच येतात."

चौघं हसले, ते नाही हसले. ती सत्तर घरं गेली असं धरून चालले आहे.

एक मजा सांगते. माझी धाकटी जाऊ अरवा, दोन वर्षांपूर्वी हर्णैहून लग्न होऊन आली, अजून भारताचाच पासपोर्ट. तिलाही इथं मत आहे! कॉमनवेल्थमधला माणूस इथं राहत असला की त्याला कौन्सिलचं मत मिळतं. तिचं कार्ड आलं तेव्हा तिनं ते फ्रिजवर लावलं.

तुमची शबनम

◆

अल खर्ज,
शुक्रवार, १५ मार्च, ५ रमजान

चि. शबनमला दुआ.

पत्र दोनदा वाचले, दुसऱ्यांदा गोपीनाथला वाचून दाखवले. हा आमचा स्टोअरकीपर, सांगलीकडचा, चार वर्षे शेजारच्या खोलीत आहे. तो म्हणाला, "आमच्या गावात या कामाला मिक्सर वाटतात, हारूनभाई." मी म्हटले, तिकडे तसे नसेल. तो म्हणाला, "माणसं तीच ना?"

शौचालयाबद्दल: तीन वर्षे बंद म्हणजे आतली वॉशर सगळी सुकली असणार. पहिल्या दिवशी पाणी सोडाल तर भिंतीतून येईल. आधी वॉशर बदला, मग मुख्य कॉक अर्धा उघडा. हे त्या डेंटनलाही सांग. तुझ्या विरोधात असला तरी पाणी कोणाचा मित्र नसते.

अरवाच्या कार्डाचे वाचून मी माझी मते मोजली. मी चोपन्न वर्षांचा आहे. इथे मताचा प्रश्न नाही, परका माणूस आहे. आणि वेसवटच्या यादीतून माझे नाव 'स्थलांतरित' म्हणून कापले, त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हा आयुष्यात मी एकूण दोनदा मत दिले आहे, दोन्ही वेळा पडलेल्या माणसाला. त्या मुलीला सांग, कार्ड फ्रिजवरून काढून कपाटात ठेव म्हणावे. वाफेने शाई जाते.

रफीकचे मनावर घेऊ नकोस. माणसाला वळायला वेळ लागतो. काल मी गावी हाशिरभाईंना फोन केला होता. विशेष काही नाही, रमजानची खुशाली.

तुझा मामू

◆

ब्रॅकस्टन,
मंगळवार, २ एप्रिल

मामू!

बसलेले आहात ना? रफीकभाई घरी आले. इफ्तारनंतर, बायकोला घेऊन, खजुराचा डबा घेऊन. माझ्या सासूबाईंना म्हणाले, "खाला, जमातीनं ठरवलंय, यंदा घरची मुलगी." माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू तुझं दारोदार फीर, आपल्या घरांची काळजी माझ्यावर."

मला रडूच आलं. मी त्यांना काय काय बोलले होते! शालनताई म्हणाल्या, "खरं बोललेलं कुठं ना कुठं लागतं गं." मला पण तेच वाटतं. अम्मीचा मंगळवार त्यांना लागला असणार.

आता हिशेब बदलला मामू. सत्तर घरं म्हणजे दीडशेच्या वर मतं. त्यातले बरेच जण दुकानं, टॅक्सी, शिफ्टवाले, म्हणून पोस्टानं मत देतात. पाकिटं १५ तारखेनंतर घरी येतील. बाहेरच्या गल्ल्यांत मी रोज चाळीस दारं करते. एका आजोबांनी दार उघडून सांगितलं, "तू कोणत्या पक्षाची ते नको सांगू, कुलूप कधी उघडणार ते सांग." मी लिहून घेतलं, नाव, पत्ता, सगळं. तुमची भाची आहे.

तुमची शबनम

◆

अल खर्ज,
शुक्रवार, १२ एप्रिल

चि. शबनमला ईद मुबारक.

मी तुला म्हटले होते, माणसाला वळायला वेळ लागतो. फार आनंद झाला. ईदच्या दिवशी कँपात बिर्याणी केली तेव्हा मी सगळ्यांना सांगितले. एका बंगाली पोऱ्याने विचारले, "कौन्सिलर म्हणजे मुदीर?" मी म्हटले, मुदीर म्हणजे मॅनेजर, ही त्याच्याही वर.

इकडचे म्हणशील तर कंपनीत नवे धोरण येते आहे, वर्कशॉपमध्ये इथलीच मुले घेणार. माझा इकामा सप्टेंबरपर्यंत आहे. ते तू सोड, तुझ्या डोक्याला तो ताप नको.

जुलैच्या सुट्टीत हाताला काम आहे. वेसवटच्या कबरस्तानाला गेट करतो आहे. किती वर्षे लोक बांबू आडवे टाकतात आणि गुरे आत शिरतात. तुझी आजी, आजोबा, तुझे अब्बा, सगळे तिथेच. मापे मागवली: रुंदी बारा फूट, दोन झडपा सहा-सहा फुटांच्या, उंची सात. चौकट दोन इंची पाइपाची, आत सोळा मिलिमीटरच्या सळया, झडपेला बारा. वजन एकशे नव्वद किलो भरेल. जमातीकडून एक पैसा घेणार नाही. हाशिरभाई फार खूश आहेत.

गोपीनाथला नकाशा दाखवला. नकाशा पाहून म्हणाला, "गेट तिकडं आणि उघडणार इंग्लंडात, होय ना?" त्याला उगाच बोलायची सवय आहे.

तुझा मामू

◆

ब्रॅकस्टन,
रविवार, २१ एप्रिल

मामू,

कसं लिहावं कळत नाही, तेव्हा झालं तसंच लिहिते.

शुक्रवारी अरवाच्या खोलीत गेले. ती कपाट उपसत होती. म्हणाली, "भाभी, माझं मताचं पाकीट दिसत नाही." मी सासूबाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते रफीकनं नेलं. घरातली पोस्टाची तिन्ही नेली. मी खुणा केल्या, सह्या त्यांच्या त्यांच्याकडून घेतल्या. तुलाच दिलंय, काळजी नको."

अरवाला सांगितलं होतं, बँकेचा कागद आहे, सही कर.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भाभी, मी तुम्हालाच दिलं असतं. पण मला द्यायचं होतं."

मी तशीच रफीकभाईंच्या दुकानात गेले. आत तांदळाच्या पोत्यांमागे एका पिशवीत एक्केचाळीस पाकिटं. मामू, इथं यंदापासून कायदा झालाय. प्रचार करणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या मताच्या पाकिटाला हातही लावायचा नाही. ते तर माझी पत्रकं वाटत होते. मी सांगितलं, "ज्याची त्याला परत करा."

ते हसले. "अगं, दरवेळी असंच होतं. घरची मतं घरचा मोठा गोळा करतो. उद्या पोस्टाच्या पेटीत टाकली की कोणाला कळणार?"

"मला कळलं ना."

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "तुला फुकट वाटलं का सगळं? तुझ्या मामूनं गावच्या कबरस्तानाला गेट कबूल केलंय. भावानं मला फोन केला. सौदा पुरा झाल्यावर तू मागं फिरतेस?"

मामू, तुम्ही मला गेटची रुंदी लिहिलीत, उंची लिहिलीत, सळया किती ते लिहिलंत. हे मात्र लिहिलं नाहीत.

आणि मी मूर्खासारखी समजत होते की त्यांना आपल्या अम्मीचं वाईट वाटलं!

इथं याला लाच म्हणतात. मी दिली नाही, मला माहीत नव्हतं, तरी लाचच. मी पाकिटं घेऊन निवडणूक कार्यालयात जाईन म्हटलं तेव्हा त्यांनी पिशवी फेकली. काल दिवसभर मुझम्मिलनं आणि मी लोकांना बोलावून सांगितलं, आपापलं पाकीट आपापल्या हातानं उचला. ज्याला नवी मतपत्रिका हवी त्याला खराब झालेली देऊन बदलून मिळते. काहींनी नेली. काहींनी आमच्याकडे असं बघितलं जणू आम्हीच चोर. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत.

तुम्ही काही लिहाल की नाही, ते तुम्ही ठरवा.

शबनम

◆

अल खर्ज,
मंगळवार, २३ एप्रिल

शबनमला दुआ.

केले, ते मी केले. १४ मार्चला, रात्रीच्या तरावीहच्या नमाजाआधी, हाशिरभाईंना फोन करून मी म्हणालो, "रफीकला सांगा, भाचीकडे बघ. आणि ते गेटचे, या जुलैत मी करून देतो." दोन वाक्ये एकामागून एक बोललो. मध्ये 'म्हणून' हा शब्द मी घातला नव्हता. असे मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. पण जोड दिसत नाही म्हणून जोड नाही असे वेल्डर म्हणू शकत नाही.

माझी बाजू एकदाच मांडतो. आपल्याकडे जमातीकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही. मुलीचे लग्न असो, बोट पाण्यात घालायची असो, आधी मशिदीला चटया, मग दुआ. मी मत विकत घेतो आहे असे माझ्या मनात आले नाही. माझ्या मनात आले की आपली पोर एकटी दारोदार फिरते आहे आणि मी पाच हजार किलोमीटर लांब गाईंचे पिंजरे करतो आहे. माझ्याकडे देण्यासारखे हे हातच आहेत, म्हणून ते पुढे केले. तुला सांगितले नाही, कारण तू स्वतःच्या बळावर जिंकलीस असे तुला वाटावे अशी माझी इच्छा होती. हे सगळ्यांत वाईट झाले, ते मला कळते.

त्या अरवाची माफी माझ्याकडून माग. मी तिच्या कार्डाच्या शाईची काळजी करत होतो.

काल हाशिरभाईंना लेखी कळवले, जमातीच्या ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असे: गेटचा आणि शबनमच्या निवडणुकीचा संबंध मी जोडला होता, तो मी तोडतो. ब्रॅकस्टनमध्ये ज्याला जो हवा त्याला त्याने मत द्यावे. गेट मी तरीही करीन. अर्ध्या तासात उत्तर आले: "मग गेट राहू द्या. आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ."

आजवर माझे काम कोणी नको म्हटले नव्हते. गोपीनाथ शेजारी होता. या वेळी त्याने चहा करून दिला.

तू केलेस ते बरोबर केलेस.

मामू

◆

ब्रॅकस्टन,
शनिवार, ४ मे

मामू, सलाम.

काल मोजणी झाली. डेंटन ६१२, मी ५९८, तिसरा एक उमेदवार होता त्याला ९१. चौदा मतांनी गेले.

एक्केचाळीसांपैकी किती मला आली, किती आलीच नाहीत, ते कळत नाही, आणि कळू नये असाच नियम आहे. अरवाला नवी मतपत्रिका मिळाली होती. ती स्वतः चालत जाऊन देऊन आली, नवी चप्पल घालून. येताना बाजारातून जिलबी आणली, स्वतःच्या पैशानं. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला. बोलल्या नाहीत, पण खाल्ला.

निकालानंतर डेंटनसाहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, "त्या वॉशरचं तुम्ही पत्रात लिहिलं होतं, ते कोणी सांगितलं?" मी म्हटलं, माझ्या मामूंनी. "ते काय करतात?" मी म्हटलं, वेल्डर आहेत. ते म्हणाले, जूनमध्ये कुलूप काढायचा विचार आहे. चौदा मतांचं त्यांनाही लागलं असावं.

रागावले होते, मामू. अजून थोडी आहे. पण तुम्ही जमातीच्या ग्रुपवर लिहिलेलं आईनं मला फोनवर वाचून दाखवलं. वाचताना थांबली. म्हणाली, "हारूननं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम वाकडं झालं म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं."

आता अवघड गोष्ट. बदली मतपत्रिका इतक्या का लागल्या, म्हणून कार्यालयानं विचारलं. मी पाकिटांचं खरं सांगितलं. गुरुवारी, ९ तारखेला, पोलीस माझं निवेदन घ्यायला येणार आहेत. रफीकभाईंनी पाकिटं का गोळा केली हे विचारतील. गेटचं सांगितलं तर तुमचं नाव येईल, परक्या देशाच्या पोलिसांच्या कागदावर. सौदीत त्याचा काही त्रास होईल का, इकाम्याला अडथळा येईल का, मला माहीत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी पाकिटांपुरतंच बोलेन. मला वाढवलंत तुम्ही. मी विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

तुमची शबनम

◆

अल खर्ज,
सोमवार, ६ मे

चि. शबनमला मामूचा सलाम आणि दुआ.

चौदा मते म्हणजे माझ्या हिशेबाने हार नाही, पण मी हिशेब करणारा कोण? ५९८ माणसांनी आपल्या हाताने तुझे नाव निवडले. मला या वयात पाच माणसे निवडणार नाहीत.

माझे नाव घाल. पूर्ण घाल: हारून इब्राहीम सोलकर, वय ५४, व्यवसाय वेल्डर, राहणार अल खर्ज. १४ मार्चचा फोन, मी बोललो ती दोन वाक्ये, जशी मागच्या पत्रात लिहिली तशीच. एकही शब्द मऊ करू नकोस. अर्धे सांगितलेस तर उद्या रफीक उरलेले अर्धे सांगेल आणि तू लपवलेस असे दिसेल. इकाम्याची काळजी सोड. कंपनीने शनिवारी पत्र दिले, सप्टेंबरअखेर खलास. सत्तावीस वर्षांचा हिशेब एका पानात मावला. त्या पानात चूक होती, दोन महिन्यांची रजा कमी धरली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. परत येऊन वेसवटला छोटे वर्कशॉप घालीन म्हणतो. जागा आहे, वेल्डिंगचे मशिन घ्यायचे आहे, विजेची जोडणी वाढवायची आहे. बघू, हळूहळू.

निवेदनात आणखी एक गोष्ट जायला हवी, ती तुला ठाऊक नाही. काल, रविवार, ५ मे, असरच्या नमाजानंतर, सौदी वेळेने चार वाजून दहा मिनिटांनी रफीकचा फोन आला. बोलणे अकरा मिनिटे चालले. गोपीनाथ खोलीत होता, फोन स्पीकरवर होता, तो साक्षीला तयार आहे.

रफीक आधी रडला. त्याची अम्मी आजारी आहे, हे खरे आहे, मी गावी विचारून खात्री केली. मला तिच्यासाठी वाईट वाटले, तसे मी बोललो. मग तो म्हणाला, "हारूनभाई, तुमची नोकरी जातेय असं भावाकडून कळलं. माझा नवा शादी हॉल होतोय. जिना, कठडे, दोन मोठे दरवाजे, सगळं लोखंडकाम तुमचं. वेसवटला बसून करा, कंटेनरनं पाठवा. निम्मे पैसे या आठवड्यात."

मी मापे विचारली. त्याने सांगितली. मी कागदावर काढली.

"शबनमला फक्त एवढं सांगायला सांगा," तो म्हणाला, "की पाकिटं लोकांनी आपणहून आणून दिली. मी मागितली नाहीत. बस. तुमचं ऐकेल ती."

मी म्हटले, "आणि अरवाला बँकेचा कागद म्हणून कोणी सांगितले?"

"ते घरातलं आहे, हारूनभाई."

मी म्हटले, "रफीक, मी पण घरातलाच आहे. म्हणून तर हे झाले."

मग त्याने आकडा सांगितला. मापावरून त्या कामाचा खरा दर मी रात्रीपर्यंत काढून ठेवला आहे. माल, मजुरी, रंग, कंटेनर धरून तो साडेसहा हजार पौंडांच्या वर जात नाही. वरचे सगळे तुझ्या एका वाक्याचे होते.

मी नाही म्हटले. रक्कम नीट लिहून घे: अठरा हजार पाचशे पौंड.